कल्हई केलेली तीन पातेली

दौलताबादच्या रस्त्याला एक लॉन्स आहे. लग्नाच्या दिवसांत तिथं इतक्या गाड्या लागतात की रस्ता निम्मा उरतो. मला त्या बाजूला जावं लागलं की मी मुद्दाम दुसरीकडं बघत टेम्पो चालवतो. आत कुणाची भांडी उतरलीत हे मला बघायचं नसतं. तरी दिसतं. झाकणांवर कुणाच्या दुकानाचं नाव कोरलंय तेसुद्धा मला रस्त्यावरून कळतं, कारण बरीच वर्षं त्या झाकणांवर माझं नाव होतं.

शहागंजात माझं भांडी भाड्यानं द्यायचं दुकान आहे. वडिलांनी ठेवलेलं नाही, सासऱ्यांनी दिलेलं नाही. मी गावाकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानातली पातेली हातगाडीवर घालून छावणीपर्यंत ढकलत न्यायचो. पोचवून आलो की मालक आधी पातेलं फिरवून पोचे बघायचा, मग माझ्याकडं बघायचा. तिथंच मी भाव करायला शिकलो. समोरचा माणूस भांड्याकडं बघून बोलतोय की घड्याळाकडं, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. घड्याळाकडं बघणाऱ्याला मी सूट देत नाही. माझ्या रागाबद्दल बाजारात बऱ्याच गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत. मी फोन आपटतो म्हणून बायकोनं त्याला ट्रॅक्टरच्या टायरसारखं जाड कव्हर घातलंय.

दुकान उभं राहिलं ते त्या लॉन्समुळं. लॉन्सच्या मालकाची तिथं आधी शेती होती. शहर सरकत गेलं तसं त्यानं गवत लावलं, कमान बांधली आणि लग्नं घ्यायला लागला. पहिल्या लग्नाला भांडी माझी होती. तेव्हापासून ठरूनच गेलं होतं की लॉन्सवर लग्न म्हणजे भांडी माझ्याकडची. दिवाळीनंतर माझं अर्धं दुकान तिकडंच असायचं. त्या भरवशावर मी टेम्पो घेतला, माणसं ठेवली, वर राहायला दोन खोल्या काढल्या.

आणि हे सगळं गेलं ते मलेशियाच्या पोरांच्या एका स्टॉलपायी.

आपल्या शहरात डॉक्टरकी शिकायला बाहेरच्या देशांतली पोरं येतात, हे मला माहीत होतं. त्यांच्याशी धंदा होईल असं कधी वाटलं नव्हतं. एके दुपारी दुकानाच्या पायरीशी तिघं उभी राहिली. एक डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी, एक चिनी चेहऱ्याचा पोरगा आणि एक सावळी मुलगी, जी फोनवर तमिळ बोलत होती. मला वाटलं तीन देशांतली आहेत. रुमालवाली म्हणाली, "हम सब मलेशिया का है, अंकल." ती त्यांच्या क्लबची अध्यक्ष होती. चार वर्षांत हिंदी शिकली होती, तीही आपल्या इथली, रिक्षावाल्यांची.

कॉलेजच्या मैदानावर दर वर्षी खाण्याची जत्रा भरते. प्रत्येक राज्याची पोरं आपापला स्टॉल टाकतात. यांच्या क्लबचाही असतो. त्या एका दिवसाच्या विक्रीवर क्लबचं वर्ष निघतं, असं तिनं सांगितलं. त्यात खेळांचा दिवस आला, निरोपाचं जेवण आलं आणि मुख्य म्हणजे त्यांच्या सणाचं जेवण आलं.

"सण के दिन जूनियर लोग रोता है, अंकल," ती म्हणाली. "घर फोन करता है, फिर रोता है. हम उस दिन बड़ा खाना बनाता है. खाता है तो चुप होता है."

"खाते-खाते भी रोता है," चिनी चेहऱ्याचा पोरगा म्हणाला. "मिरची से."

त्यांना मोठी पातेली हवी होती. नारळाच्या दुधात भात शिजवायचा आणि त्याच्यासोबत मिरची, कांदा, सुकट आणि भरपूर चिंच घालून एक तिखट रस्सा करायचा. त्याला ते साम्बल म्हणतात. मी स्टीलची दाखवली. तिनं आत कोपऱ्यात ठेवलेल्या पितळी पातेल्यांकडं बोट केलं. स्टीलला मंद आचेवर खाली लागतं आणि एवढं पातेलं ढवळायला त्यांच्याकडं हात नाहीत, हे ती आधीच्या वर्षी शिकली होती.

मी भाडं सांगितलं. ती हसली. मी थोडं खाली आलो. ती परत हसली आणि शेगडी मागितली. शेगडी दिली तर झाकणं मागितली. झाकणं दिली तर वाकून पातेल्यात डोकं घातलं आणि किल्लीनं तळ खरवडला.

"नीचे पीला है, अंकल. इमली डालेगा तो हरा होगा. कड़वा होगा."

खरं होतं. पितळी भांड्याला आतून कथलाचा हात द्यावा लागतो, त्याला आपण कल्हई म्हणतो. ती उडाली की आंबट पदार्थ कळकतो, हिरवट पडतो आणि तोंडात धरवत नाही. तिच्या आजीकडं असलीच भांडी होती म्हणे. शहरात आता कल्हई करणारा शोधावा लागतो. मी एकाला धरून ठेवलाय. तो लग्नसराईच्या आधी येऊन सगळ्या पातेल्यांना हात मारून जातो, पण त्याला अजून अवकाश होता. शेवटी मी कबूल झालो की तीन पातेल्यांची कल्हई आधी करून घेईन, त्याच भाड्यात. इतक्या वर्षांत माझ्याकडून असा सौदा कुणी काढून घेतला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मजा आली.

मी म्हटलं, चला, ठरलं. ती हलेना.

"अंकल, मैं बोलती हूँ, मैंने लिया. फिर आप बोलो, मैंने दिया."

"अरे, दिया ना. ठरलं म्हणजे दिलंच."

"नहीं, बोलना पड़ता है."

त्यांच्याकडं तशी पद्धत आहे. भाजी घेतली तरी विकणारा म्हणतो विकली, घेणारा म्हणतो घेतली. दोघांनी तोंडानं म्हटलं की व्यवहार झाला. पैसे हातात पडले म्हणून होत नाही. मनात काही राहिलं असेल तर म्हणायच्या आधी बोलून घ्यायचं, नंतर नाही. मागं बायको पेले मोजत बसली होती, तिला हसू आवरेना. मी म्हटलं, "दिया." ती म्हणाली, "थँक्यू अंकल," आणि तिघं गेली. कागद नाही, आगाऊ रक्कम नाही. मीही मागितली नाही, हे नंतर लक्षात आलं.

कल्हईवाला आला. दुकानामागं भाता लावला, नवसागराचा पांढरा धूर केला आणि तीन पातेली चांदीसारखी करून गेला. जाताना म्हणाला, आता गावाकडं जातोय, पायाचं दुखणं आहे, बाकीची लग्नसराईला करू.

जत्रा आठवड्यावर आली आणि लॉन्सच्या मालकाचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलंच होतं, पण मुलाकडच्यांनी तारीख अलीकडं ओढली होती. लग्न नेमकं जत्रेच्या दिवशी आलं होतं.

"सगळं भांडं लागंल," तो म्हणाला. "आचारी नांदेडहून येतोय. त्याला पितळी पायजे. कढी अन् चिंचेचं सार स्टीलमधी करणार नाय म्हणतो. कल्हईची हायेत ना?"

"तीन आहेत मालक, पण ती त्या दिवशी दिलीत. बाकी सगळं दुकान घ्या."

"कुणाला दिलीत?"

"कॉलेजच्या पोरांना. जत्रेचा स्टॉल आहे त्यांचा."

तो हसला. त्याला खरंच विनोद वाटला होता. "त्यांना स्टील दे," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी कल्हईवाल्याला फोन लावला. बंद. त्याच्या पुतण्यानं सांगितलं, पायाला प्लास्टर आहे, महिना तरी उठत नाही. जालन्यात एक होता, त्यानं धंदा सोडून चहाची टपरी टाकली होती. कल्हई नसलेल्या पातेल्यात मालकाच्या घरच्या लग्नाची कढी कळकली असती तर मला शहर सोडावं लागलं असतं.

मग मी कॉलेजच्या गेटवर गेलो. कुणाकडं जाऊन भाव करायची मला सवय नाही, लोक माझ्याकडं येतात. ती वर्गातून आली, पांढऱ्या कोटात. मी तिला सगळी अडचण सांगितली. म्हटलं, स्टीलची पातेली घे, जितकी हवीत तितकी. भाडं नको. शेगड्या जास्तीच्या देतो. ढवळायला माझा माणूस दिवसभर उभा करतो. याहून चांगला सौदा मी आयुष्यात कुणाला देऊ केला नव्हता.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंकल, मैंने लिया बोला. आपने दिया बोला. अभी उस दिन तक बर्तन हमारा है. आप को चाहिए तो आप हमसे खरीदो."

"बरं, विकत घेतो. बोल."

ती विचार करायला लागली. खरोखर विचार करत होती, भाव चढवायला नव्हे. मग मान हलवली. "नहीं बेचना है, अंकल. पिछले साल स्टील में जल गया था. आधा फेंका. त्योहार पे जूनियर लोग को मॅगी खिलाया. मैं अध्यक्ष नहीं थी, लेकिन मुझे याद है."

एवढं बोलून तिला तास होता म्हणून ती गेली. मी गेटवर उभा. वॉचमन म्हणाला, "काका, ॲडमिशनचं काही काम होतं का?"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पातेली कुठायत?"

"दुकानात."

"मंग टेम्पोत घाला अन् लॉन्सवर नेऊन टाका. ती पोरं काय पोलिसात जाणारेत?"

जाणार नव्हती. हाच तर घोळ होता. मला अडवायला काहीच नव्हतं. कागद असता तर मी त्यातून वाट काढली असती, कागदातून वाट काढायला मी तरबेज आहे. दुकानाच्या पायरीवर हसत म्हटलेला एक शब्द होता आणि तो सारखा आडवा येत होता. आजवर मी शेकडो वेळा 'दिलं' म्हटलं असेल आणि जास्त भाड्याचं गिऱ्हाईक आलं की फिरवलंही असेल. धंद्यात फिरवतात. पण ते मी सहज म्हटलेलं असायचं. इथं समोर एक पोरगी उभी राहिली होती आणि मी तो शब्द म्हणेपर्यंत हलली नव्हती.

"तुम्हाला तिनं येडं केलंय," बायको म्हणाली. "आपली दोन लेकरं त्या लॉन्सच्या पैशावर शिकतायत, तेवढं ध्यानात ठेवा."

लॉन्सच्या मालकाचा दुसरा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो आणि समोर गिऱ्हाइकं होती. मी ठरवून ठेवलं होतं की गोडीनं बोलायचं. तीन पातेल्यांपुरती दुसरीकडून सोय करून देतो म्हणायचं. सिडकोतल्या एकाकडं होती, मी स्वतः नेऊन पोचवली असती.

"दुसऱ्याची भांडी माझ्या पोरीच्या लग्नात?" तो म्हणाला. "आणि का? कोण कुठली पोरं, उद्या विमानात बसून जातील. त्यांच्यापायी तू मला नाय म्हणतो?"

"नाही म्हणत नाही मालक. आधी त्यांना दिलीत, एवढंच."

"तुला दुकान कुणी उभं करून दिलं, इसरला का रं? हातगाडी ढकलत होतास."

तिथं माझं डोकं गेलं. हातगाडी मी ढकलली, हे मी स्वतः चारचौघांत सांगतो. पण दुकान त्यानं उभं करून दिलं? हातगाडी ढकलून पाठ मोडली ती कुणाची? मी काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या जमिनीबद्दल बोललो, गवताबद्दल बोललो, दारात येणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल बोललो. समोरची गिऱ्हाइकं पेले खाली ठेवून गेली. फोनला कव्हर होतं म्हणून वाचला.

त्यानंतर त्याच्याकडून एकच निरोप आला. लॉन्सवर पडलेल्या माझ्या परातींचा ढीग कमानीबाहेर ठेवलाय, घेऊन जा.

आमच्या घरात यावर अजून एकमत नाही. बायको म्हणते, तुम्ही शब्दासाठी काही केलं नाही, तुमच्या तोंडानं केलं. तुम्ही गप्प राहिला असतात तर तो दुसऱ्या दिवशी पाघळला असता. असेलही. मी शब्द पाळला की रागाच्या भरात तो पाळला गेला, हे मला तरी कुठं नीट माहीत आहे? पण फोन उचलायच्या आधी त्या सकाळी मी तिन्ही पातेली पुसून, झाकणं लावून, कॉलेजकडं न्यायच्या बाजूला काढून ठेवली होती. हे बायकोनं पाहिलं होतं. ते ती सांगत नाही.

जत्रेच्या दिवशी मी स्वतः टेम्पो घेऊन गेलो. भांडी उतरवून निघून यायचं होतं, पण थांबलो. मैदानावर मोमोची रांग होती, मिसळ होती, पंजाबी पोरांचा ढोल होता. यांचा स्टॉल कोपऱ्यात. केळीच्या पानावर भात, त्यावर ते लालभडक साम्बल, तळलेली सुकट, शेंगदाणे, काकडी, अर्धं अंडं. भातात त्यांनी कुणाच्या तरी बागेतून आणलेली ती लांब हिरवी पानं गाठ मारून टाकली होती, जी आपल्याकडं साध्या भाताला बासमतीचा वास यावा म्हणून घालतात. पाण्याच्या पिंपात गुलाबाचं सरबत घातलेलं गुलाबी दूध.

मजा अशी की ते प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवत होते. तमिळ बोलणारी पोरगी पान पुढं करायची आणि म्हणायची, "दिया." मग समोरच्यानं "लिया" म्हटल्याशिवाय सोडायची नाही. आपली पोरं खिदळत होती. एकजण म्हणाला, "लग्न लावताय का काय?" पण म्हणत होती. एक जाडसर प्राध्यापक तर दोनदा म्हणाले, एकदा मराठीत.

रुमालवालीनं मलाही पान दिलं. मी पैसे काढायला लागलो तर म्हणाली, "ये बेचा नहीं, अंकल. ये ऐसे ही है." मी उभ्यानं खाल्लं. साम्बल चांगलं होतं, आंबट होतं, अजिबात कळकलेलं नव्हतं. आणि तरी मी अर्धं पान तसंच ठेवलं, कारण त्याच वेळी दौलताबादच्या रस्त्यावर वाढपी पंगतीत सार फिरवत असणार होते, दुसऱ्याच्या बादल्यांतून.

दुसऱ्या दिवशी ती पातेली परत घेऊन आली, आतून बाहेरून लख्ख घासलेली. सगळं विकलं गेलं होतं, सणाचं जेवण होणार होतं. ती खुशीत होती. तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, लॉन्स, लग्न, फोन, कमानीबाहेरचा परातींचा ढीग. आवाज चढला होता. मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. तिनं निदान तोंडावर हात ठेवावा. म्हणावं की अंकल, आमच्यासाठी एवढं केलंत.

तिनं ऐकलं. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. आणि मग, काही न समजल्यासारखं, म्हणाली, "लेकिन अंकल, आपने तो दिया बोला था ना."

बस, एवढंच. यात उपकार कुठला, हे तिला कळेचना. तिच्या हिशेबी मी नेहमीसारखं वागलो होतो, जसा कुठलाही माणूस वागतो. मी तिच्याशी नंतर नीट बोललो नाही. सणाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला ती आली तेव्हा बायकोला पुढं केलं आणि आत बसलो. बायको एकटीच जाऊन आली. म्हणाली, लई पोरं होती, जेवता जेवता रडत होती, अन् तुम्हाला विचारत होती.

ती मुलगी शिक्षण संपवून गेली. मागून येणारी पोरं कमी झाली, क्लब बंद पडला असं वॉचमननं सांगितलं. जत्रेत आता त्या कोपऱ्यात शोरमा मिळतो. दुकान चाललंय, पण अर्धं. टेम्पो आठवड्यातले बरेच दिवस दारात असतो. सिडकोतला तो भांडेवाला, ज्याच्याकडून मी पातेली आणून देणार होतो, त्याचं नाव आता लॉन्सच्या झाकणांवर आहे.

यंदा दिवाळीनंतर लॉन्सच्या मालकाचा मेहुणा दुकानावर आला. चहा घेतला. म्हणाला, "भाऊजी म्हणतेत, झालं गेलं जाऊ द्या. तुमची भांडी चांगली होती. एकदा या लॉन्सवर, चार लोकांत हात जोडा, म्हणा चुकलं. पुढची सगळी लग्नं तुमची."

मी मनात हिशेब मांडला. तो मी कशाचाही मांडतो. हात जोडायला काय जातं? माझं दुकान भरतं, टेम्पो फिरतो. याहून स्वस्त सौदा नाही.

"येतो," मी म्हटलं. "फोनवर जे बोललो त्याबद्दल हात जोडतो, पाया पडतो. पण पातेली आधी दिलेली होती, तेवढं त्यांनी म्हणावं. तोंडानं. चार लोकांतच."

मेहुणा हसला. "ते नाय म्हणायचे."

"मग पातेल्यांसाठी मीही चुकलं नाही म्हणायचा."

"अहो, तीन पातेल्यांचं काय घेऊन बसलात इतकी वर्षं?"

त्यानं चहा संपवला आणि गेला. बायको मागं उभी राहून ऐकत होती. तिनं पेल्यांची टोपली उचलून आत आपटली. आपटायचं ती माझ्याकडूनच शिकली.

चार दिवसांनी कल्हईवाला आला. त्याचा पाय केव्हाच बरा झालाय, पण अजून थोडा लंगडतो. आता सगळे स्टीलच नेतात, पितळी पातेली कुणी मागत नाही, म्हणून मी बहुतेक मोडीत घातली. तीन ठेवलीत. तो भाता लावून बसला आणि नवसागराचा धूर दुकानात आला, तशी बायको बाहेर आली.

"ही परत? वर्षभरात एकदा तरी नेली का कुणी?"

"भांडं आहे," मी म्हटलं. "कळकू द्यायचं का?"

"कळकायला आत काहीतरी शिजावं लागतं," ती म्हणाली.

कल्हईवाल्यानं माझ्याकडं बघितलं, करू की थांबू अशा नजरेनं. मी म्हटलं, कर. तिन्ही कर.